बॅगआजी

बटणबाईंच्या दुकानात नुसत्या पांढऱ्या बटणांचे डबे भिंतभर होते. गिऱ्हाइकाला ते सगळे सारखेच दिसत. बाईंना नाही. दुधी कुठलं, शिंपल्याचं कुठलं आणि दोन धुण्यांत पिवळं पडणारं कुठलं, हे त्या झाकण पुरतं न उघडता सांगत. बाजारात या नजरेचा दबदबा होता. घोटाळा एवढाच, की दुकान बंद करताना ही नजर काढून गल्ल्यात ठेवता येत नव्हती, आणि गेली काही वर्षं ती एकाच माणसाच्या मागे लागली होती. ते माणूस म्हणजे विहीणबाई, जावयाची आई.

विहीणबाई चांगल्या होत्या. तेच बटणबाईंचं दुखणं होतं. भांडकुदळ विहीण असती तर चार ठिकाणी सांगता आलं असतं, चार जणींनी हळहळून माना डोलावल्या असत्या, मन हलकं झालं असतं. चांगल्या विहिणीचं गाऱ्हाणं माणसाने न्यावं कुठे?

लेक आणि जावई परदेशात नोकरीला होते. नात झाली तेव्हा दोघी आज्या एकाच विमानाने गेल्या. त्या देशात यांच्या पासपोर्टवर महिनाभर राहायला व्हिसा लागत नसे. विमानतळावरच्या खिडकीशी उभं राहायचं, कशाला आलात ते सांगायचं, शिक्का मारून घ्यायचा. दोघींनी तेच केलं आणि महिन्याने दोघी परतल्या. इथवर जमा आणि खर्च जुळत होता. पण आल्या आल्या बटणबाई दुकानात बसल्या आणि विहीणबाई गुपचूप कामाला लागल्या. फोटो काढले, अर्ज भरला, मुलाकडून निमंत्रणाचं पत्र मागवलं, वकिलातीत जाऊन मुलाखत दिली, आणि सलग सहा महिने राहता येईल असा, पाच वर्षं चालणारा व्हिसा पदरात पाडून घेतला. बटणबाईंना हे कळलं तेव्हा विहीणबाई विमानात बसलेल्या होत्या.

"तूही घेऊन टाक ना," इलॅस्टिक मोजता मोजता नवरा म्हणाला.

"मला कशाला? मला लागत नाही व्हिसा."

"त्यांनाही लागत नव्हता."

"तेच म्हणते मी. दार सताड उघडं असताना यांना किल्ली कशाला हवी? नसते चोचले."

"अगं, पण त्यांनी घेतलाय तर..."

"त्यांनी घेतलाय म्हणूनच नको."

आतलं कारण आणखी खोल होतं. निमंत्रणाचं पत्र घरमालकाचं लागतं, आणि घरमालक म्हणजे जावई. पोटच्या पोरीला भेटायला जावयाच्या सहीची चिठ्ठी घेऊन जायचं, म्हणजे स्वतःच्याच दुकानात गिऱ्हाईक होऊन रांगेत उभं राहायचं. बटणबाईंना ते जमणारं नव्हतं. व्हिसा नको, चिठ्ठी नको, उपकार नकोत. आपण आपलं मनात आलं की निघायचं.

त्याप्रमाणे त्या दर तीन-चार महिन्यांनी निघत आणि महिना भरायच्या आत परतत. पहिल्याच खेपेला त्यांनी विहीणबाईंना चहा पिता पिता सुनावलंही होतं, "तुम्हाला बाई किल्ली मागावी लागली. मला दार उघडंच असतं."

विहीणबाई शांतपणे म्हणाल्या, "हो ना. पण उघड्या दारातून आलेल्याला सगळे 'या, बसा' म्हणतात. किल्लीवाल्याला कोणी काही म्हणत नाही."

बटणबाईंना उत्तर सुचलं, पण ते परतीच्या विमानात.

आणि विहीणबाई म्हणाल्या ते खरंच होतं, ही आणखी एक पंचाईत. त्या घरात विहीणबाईंचं कपाट होतं. न्हाणीघरातल्या पेल्यात त्यांचा ब्रश मुलगा-सुनेच्या ब्रशांच्या खांद्याला खांदा लावून उभा असे. बटणबाईंचा ब्रश मात्र पिशवीत. एकदा निघताना त्यांनी मुद्दामच आपला ब्रश त्या पेल्यात ठेवून दिला, रुमाल टाकून जागा धरतात तसा. पुढच्या खेपेला आल्या तर तो नळाच्या मागे होता आणि त्याने तोट्या घासल्या जात होत्या. "तुम्ही विसरलात ना, म्हटलं वाया कशाला जाऊ द्यायचा," विहीणबाई म्हणाल्या. काटकसरीची बाई.

लेक दोघींनाही आई म्हणायची. आतल्या खोलीतून "आई" अशी हाक आली की दोघी उठत. पण विहीणबाई स्वयंपाकघरात, म्हणजे दाराजवळ. बटणबाई दिवाणखान्यातल्या खोल सोफ्यात. त्या सोफ्यातून सुटून उभ्या राहीपर्यंत हाकेचं काम झालेलं असे.

पण खरी सल नातीची होती. नात बोलायला लागली आणि तिने आपल्या सोयीने दोन आज्यांची वाटणी करून टाकली. एक आजी. दुसरी बॅगआजी. 'आजी'ला पुढे-मागे काही नाही, देवाला आडनाव नसतं तसं. आणि बटणबाई मात्र दारात यायच्या बॅगेसह, महिनाभर बॅगेतूनच कपडे काढायच्या, पुन्हा बॅगेसह जायच्या. पोरीने पाहिलं ते सांगितलं. सगळे हसले. बटणबाईही हसल्या, आणि रात्री कूस बदलत बसल्या. आपल्याला त्या पोरीच्या तोंडून नुसतं 'आजी' ऐकायचंय, एवढी एकच गोष्ट त्यांना आता आयुष्यात हवी होती, आणि ती कुठल्या दुकानात मिळते हे त्यांना ठाऊक नव्हतं.

या सगळ्यावर कळस म्हणजे विहीणबाईंचा विनय. शेजारची कोणी घरी आली की त्या हटकून सांगत, "अहो, या आल्या की सगळं याच करतात. मी आपली बसून." ऐकणारीला दिसत असे की ओल्या हाताने उभं कोण आहे आणि सोफ्यात रुतलेलं कोण. ती कौतुकाने बघे विहीणबाईंकडेच. म्हणजे बाईंनी वाटून टाकलेलं श्रेयसुद्धा व्याजासकट त्यांच्याकडेच परत येई. बटणबाईंनी भाजी चिरायला घेतली तर "राहू द्या, दमून आलात", नातीला न्हाऊ घालायला घेतलं तर "राहू द्या, तिला माझ्या हाताची सवय आहे". 'राहू द्या' या दोन शब्दांनी त्या घरातली सगळी कामं कुलपात टाकली होती.

यंदाचं तिकीट काढताना तिकीटवाल्याने पासपोर्ट चाळला आणि ओठ मुडपले.

"काकू, शिक्के फार झाले हो. पानंच्या पानं भरलीत. आता ते लोक विचारायला लागतात, ही बाई सारखी येते, ती भेटायला येते की राहायला? माझं ऐका, व्हिसा घ्या. नेमाने जाणाऱ्याला व्हिसाच बरा. वर्षातून एकदा जाणाऱ्याला उघडं दार ठीक आहे."

"हे तुला विहीणबाईंनी शिकवलं का?"

"कोण विहीणबाई?"

"काही नाही. काढ तू तिकीट."

सल्ला चांगला होता. पण हाच सल्ला विहीणबाईंनी मागच्या खेपेला दिला होता, त्यामुळे तो आता वापरलेला होता, आणि बटणबाई वापरलेला माल घेत नसत.

विमानतळावर खिडकीमागे घट्ट अंबाडा घातलेली अधिकारी बाई बसली होती. तिने पासपोर्ट उघडला, एक पान उलटलं, दुसरं उलटलं, मग शिक्का बाजूला ठेवून बटणबाईंकडे पाहिलं. बटणबाईंना ती नजर ओळखीची वाटली. धुतल्यावर पिवळं पडणारं बटण त्या स्वतः अशाच नजरेने बघत.

त्यांना बाजूच्या खोलीत नेलं. टेबल, तीन खुर्च्या, भिंतीवर घड्याळ. थोड्या वेळाने दुभाषी आले. उतारवयाचे, इस्त्रीचा सदरा, आणि बोलणं तसंच इस्त्रीचं.

"बाई, यांना विचारायचंय, आपण इतक्या वेळा का येता?"

"लेक आहे माझी इथे. नात आहे."

"घरी आणखी कोण असतं?"

"जावई." मग नाइलाजाने, "आणि त्याची आई."

अधिकारी बाईने काहीतरी विचारलं. दुभाष्यांनी सरळ करून मांडलं, "त्यांची आई घरी असतेच, तर मग आपली काय गरज पडते, असं यांचं म्हणणं."

प्रश्न साधा होता. 'गरज कसली, माया आहे' एवढं म्हटलं असतं तर शिक्का बसून बाई टॅक्सीत असत्या. पण 'आपली काय गरज' हे शब्द गेली काही वर्षं बटणबाईंच्या उशाशी झोपत होते. तेच आता परक्या माणसाच्या तोंडून, टेबलावर ठेवून विचारले गेले. त्यांची मान ताठ झाली.

"माझी काय गरज? माझ्यावाचून त्या घरात पान हलत नाही, म्हणावं."

दुभाष्यांनी प्रामाणिकपणे भाषांतर केलं. अधिकारी बाईने लिहून घेतलं आणि विचारलं.

"त्या विचारतायत, कसली पानं? आपण बागकाम करता का?"

"बागकाम नाही हो. सगळंच काम. उठल्यापासून स्वयंपाक मी, नातीला न्हाऊ-माखू मी, तिला भरवणं मी, झोपवणं मी. पडदे मी शिवले. त्या बाई बसून असतात, हात हलवत नाहीत."

हे सगळं खरं होतं, फक्त पडदे सोडले तर नावं उलटी होती. पण बोलताना बटणबाईंना इतकं बरं वाटलं, की अंगावरून मणाचं ओझं उतरावं. परक्या मुलखात, परक्या खोलीत का होईना, एकदा जमेच्या बाजूला आपलं नाव लिहिलं जात होतं. अधिकारी बाई भराभर लिहीत होती आणि बटणबाई कौतुकाने बघत होत्या.

"याचे पैसे मिळतात का, विचारतायत."

"लेकीकडून पैसे कोण घेतं?"

"बरं. आणि आपण आला नाहीत, तर या कामाला माणूस ठेवावा लागेल का?"

"एक?" बटणबाई म्हणाल्या. "दोन ठेवावी लागतील. तरी माझ्यासारखं व्हायचं नाही."

दुभाष्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि इस्त्री थोडी मोडून म्हणाले, "बाई, हे मी सांगू का यांना?"

"सांगा की. घाबरते का मी?"

त्यांनी सांगितलं. अधिकारी बाईने पेन खाली ठेवलं. मग दुभाष्यांनी जे सांगितलं ते असं: व्हिसाशिवाय येणाऱ्याला भेटायला येता येतं, कामाला नाही. पैसे घेवोत की न घेवोत. ज्या कामाला नाहीतर माणूस ठेवावा लागला असता, ते इथे कामच धरतात. तेव्हा आपल्याला पुढच्या विमानाने परत पाठवतील असं दिसतं.

लोक दुसऱ्याचा ऐवज चोरतात आणि चोर म्हणून धरले जातात. बटणबाईंनी विहिणीचं श्रेय चोरलं आणि कामवाली म्हणून धरल्या गेल्या. एकदा परत पाठवलं की उघडं दार मिटलं, आणि मग ती बॅगआजीसुद्धा उरणार नव्हती.

"मी... तसं नाही. म्हणजे मी तसं काही करत नाही."

"आत्ताच तर आपण म्हणालात."

"बोलण्याची रीत असते हो."

अधिकारी बाईने घरचा नंबर फिरवला. लेक कामावर, जावई दौऱ्यावर. म्हणजे फोन कोण उचलणार हे बटणबाईंना कळलं आणि त्यांनी डोळे मिटले. विहीणबाई शेजारणींना काय सांगतात ते त्यांना पाठ होतं. अहो, सगळं याच करतात, मी आपली बसून. तो विनय आता या टेबलावर येऊन पडणार, आणि त्यावर आपली परतपाठवणी होणार. इतकी वर्षं ज्या बाईने आपलं कौतुक खोट्या तोंडाने करू नये असं वाटलं, तिने आज ते अजिबातच करू नये म्हणून त्या मनात हात जोडून बसल्या.

फोन उचलला गेला. आवाज खोलीभर ऐकू येत होता. दुभाष्यांनी कुठून बोलतोय ते सांगितलं आणि विचारलं, "या बाई आपल्याकडे आल्या की घरात काय काय काम करतात?"

"त्या ना," विहीणबाई म्हणाल्या, आणि थांबल्या. मागे नात काहीतरी आपटत होती. "कुठे आहेत त्या? तिथेच का, त्या खोलीत?"

"हो."

"काही करत नाहीत."

"काहीच नाही?"

"काडीचं नाही. सोफ्यात बसून असतात. चहा प्यायल्या की कप तिथेच. एकदा भाजी चिरायला बसल्या तर बोटाएवढे तुकडे, मला सगळी पुन्हा चिरावी लागली. पोरीला भरवायला घेतलं की पोरगी उपाशी आणि यांचे कपडे जेवलेले. पडदे शिवून दिले, ते एक बाजूने आखूड. मीच उसवून नीट केले. नाही हो, त्यांना कामाला लावायचं म्हणजे मलाच दुप्पट काम. त्या पाहुण्या आहेत. येतात, चार दिवस बसतात, जातात."

बोलण्यात कुठे अडखळणं नव्हतं. एखादी बाई उन्हाळ्यात बांधून ठेवलेलं गाठोडं सोडते आणि एकेक कपडा झटकून दोरीवर घालते, तसं. अधिकारी बाईला भाषांतर ऐकता ऐकता हसू आवरेना. पडदे आखूड झाले होते हे बटणबाईंना आजच कळत होतं.

फोन ठेवल्यावर दुभाषी वळले. "त्या विचारतायत, हे खरं आहे का?"

बटणबाईंनी टेबलाच्या कडेकडे पाहिलं.

"खरं आहे."

"जरा मोठ्याने. त्यांना ऐकू आलं नाही."

"खरं आहे म्हटलं. सगळं त्याच करतात. मी बसून असते."

शिक्का बसला, पण महिन्याचा नाही, पंधरवड्याचा. आणि सोबत सक्त ताकीद, की पुढच्या वेळी व्हिसा घेऊन यायचं. दुभाषी दारापर्यंत आले आणि हळूच म्हणाले, "विहीण भाग्यानं मिळते अशी." बटणबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते परत आत गेले.

दार विहीणबाईंनीच उघडलं. नात पायांशी आली, म्हणाली, "बॅगआजी", आणि बॅगेवर चढून बसली. बटणबाई सरळ स्वयंपाकघरात गेल्या.

"तुम्ही मुद्दाम बोललात ना तसं?"

"कसं?"

"मी काही करत नाही म्हणून. मला सोडवायला."

विहीणबाईंनी गॅस बारीक केला. "माझ्या मुलाखतीत मलाही हेच विचारलं होतं. मीही तेच सांगितलं, मी नुसती बसून असते, सगळं सून करते. व्हिसा असो नसो, ही मंडळी कामाला घाबरतात. तेव्हा फोन तिथून आलाय म्हटल्यावर मला कळलं, तुम्ही तिथे काहीतरी पराक्रम सांगून बसला असणार."

"म्हणजे खोटं बोललात."

"मुलाखतीत खोटं बोलले," विहीणबाई म्हणाल्या. "आज नाही."

बटणबाई खुर्चीत बसल्या. यात आभार मानायचे की भांडायचं, याचा त्यांना अंदाज येईना. खोटं बोलायचा मानसुद्धा हिलाच मिळाला होता. आपल्याला मेलं खरंच बोलावं लागलं.

संध्याकाळी लेक आली, सगळं ऐकून पोट धरून हसली, आणि मग म्हणाली, "आई, व्हिसाचा अर्ज याच आठवड्यात भरायचा. निमंत्रण मी देते."

"तू? ते घरमालकाचं लागतं ना?"

"घर दोघांच्या नावावर आहे. माझी सही चालते. तुला कोणी सांगितलं त्याचीच लागते म्हणून?"

कोणीच सांगितलं नव्हतं. बटणबाईंनी स्वतःच ठरवलं होतं, आणि त्या ठरवण्यावर इतकी वर्षं बॅगेतून कपडे काढले होते. त्यांनी विहीणबाईंकडे पाहिलं. विहीणबाई पेल्यातले ब्रश धुऊन परत ठेवत होत्या आणि त्यांना हे आधीपासून माहीत होतं, असं त्यांच्या पाठीवरून दिसत होतं.

"मला बोलला नाहीत ते," बटणबाई म्हणाल्या.

"मागच्या खेपेला सांगत होते, व्हिसा घ्या म्हणून. तुम्ही उठून सोफ्यात जाऊन बसलात."

जेवणं झाल्यावर बटणबाई आपला मघाचा रिकामा कप उचलायला वाकल्या. "राहू द्या," विहीणबाई म्हणाल्या. "अर्ज मंजूर होईपर्यंत तुम्ही बसूनच राहायचं. सरकारी हुकूम आहे." मग कपाट उघडून त्यांनी आपल्या शाली, पिशव्या आणि जुनी वर्तमानपत्रं बाहेर काढली, फडक्याने फळी पुसली. "हा खालचा कप्पा तुमचा. बॅग रिकामी करा, म्हणजे पोरीला तुमच्यासाठी दुसरं नाव शोधावं लागेल."

नातीने लगेच बॅगेतल्या वस्तू एकेक करून कप्प्यात फेकायला सुरुवात केली. बटणबाई गुडघ्यांवर बसल्या. कप्प्याची रुंदी त्यांनी वीत टाकून पाहिली, खोली हात घालून पाहिली, कोपऱ्यात बोट फिरवून धूळ आहे का ते पाहिलं. नव्हती. मग मान वर करून वरचा कप्पा पाहिला. तो रुंद होता, डोळ्यांच्या उंचीवर होता, आणि दिव्याचा उजेड सरळ त्यात पडत होता.

"विहीणबाई," त्या म्हणाल्या, "तुमचा व्हिसा कधी संपतो हो?"

"का?"

"सहज विचारलं. खालच्या कप्प्याला वाकायला त्रास होतो."